मागचा भाग पाहिलाय का?

माझा मावसभाऊ दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला आणि मित्रांसोबत नांदेडला जाऊन एक सुपरहिरोवाला सिनेमा बघून आला. गाव कळमनुरी तालुक्यातलं. एसटीचं भाडं, तिकीट आणि इंटर्व्हलचे पॉपकॉर्न यात पठ्ठ्याची दोन महिन्यांची बचत गेली. आल्यावर विचारलं, "कसा होता रे?"

"लई भारी."

पाच मिनिटं गेली. मग मोबाइल खाली ठेवून हळूच म्हणाला, "दादा, एक इचारू? मधीच एक जण दारातून आला, अन् सगळं थेटर शिट्ट्या मारायलं. कोन होता तो? म्या बी टाळ्या वाजवल्या. पण खरं सांगू का, मला काईच कळलं नाई."

"म्या बी टाळ्या वाजवल्या" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पैसे त्याचे, वेळ त्याचा, आणि न कळल्याची लाजही त्यालाच. तो दारातून आलेला माणूस कोण, हे कळण्यासाठी त्याने आधीचे तीन सिनेमे आणि एक वेबसीरिज बघायला हवी होती. ही अट तिकिटावर कुठेच छापलेली नव्हती.

त्याच आठवड्यात त्याच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. चौथ्या दिवशी आजीला सोडायला म्हणून गेला आणि मंडपातच बसला. कीर्तन अर्ध्यावर आलेलं. आदल्या तीन दिवसांत तो तिकडे फिरकलाही नव्हता. तरी रात्री घरी आल्यावर विसोबा खेचरांची अख्खी गोष्ट त्याने मला हातवारे करून सांगितली. आता गंमत बघा. विसोबा, नामदेव, ज्ञानदेव, मुक्ताबाई, गोरोबा, जनाबाई ही मंडळी एकमेकांच्या गोष्टींत सतत ये-जा करणारी. म्हणजे हेही एक सामायिक विश्वच की! मग एका विश्वात पोरगं हरवलं आणि दुसऱ्यात रमलं, हे कसं?

पगार मागायला गेलेला स्पायडरमॅन

एकाच जगात अनेक नायक ठेवायची कल्पना मुळात झकास आहे. मार्व्हलने 1961 मध्ये 'फँटास्टिक फोर' आणलं, पुढच्या वर्षी स्पायडरमॅन आला. सगळे एकाच न्यूयॉर्कमध्ये राहणारे. त्यामुळे 1963 मध्ये स्पायडरमॅनचं स्वतःचं कॉमिक सुरू झालं, तेव्हा पहिल्याच अंकात हा कडका पोरगा फँटास्टिक फोरच्या इमारतीत नोकरी मागायला गेला. तिथे पगारबिगार काही मिळत नाही म्हटल्यावर आल्या वाटेने परत! ज्याने फँटास्टिक फोर वाचलेलं नाही, त्यालाही हा प्रसंग समजतो. घरात पैसे नाहीत, पोरगं मोठ्या लोकांच्या दारात गेलं, हात हलवत आलं. ज्याने वाचलंय त्याला जरा जास्त मजा येते, इतकंच.

हिंदी कॉमिक्स भाड्याने आणून वाचणाऱ्या आपल्या मोठ्या भावंडांनाही ही मजा ठाऊक आहे. राज कॉमिक्सचा नागराज महानगरात, सुपर कमांडो ध्रुव राजनगरात आणि डोगा आपल्या मुंबईत. एरवी ज्याचं त्याचं शहर आणि ज्याची त्याची भानगड. पण दोघे-तिघे एकत्र आले की त्या जाड अंकासाठी नंबर लागायचे. ध्रुवकडे कुठलीच दैवी शक्ती नाही आणि नागराजच्या अंगात साप राहतात, एवढं माहीत असलं की बास. तेवढं तर मुखपृष्ठावरचं चित्र आणि पहिली दोन पानंच सांगून टाकायची.

स्टॅन ली यांच्या नावावर एक सूत्र सांगितलं जातं. प्रत्येक अंक हा कुणाचा तरी पहिला अंक असतो, असं समजून लिहायचं. साधी गोष्ट आहे, पण विश्व वाढत गेलं की नेमकी हीच विसरली जाते.

हिशेबाचं ओझं

डीसी कॉमिक्सच्या बाबतीत हे कसं झालं बघा. पन्नास वर्षांत त्यांच्याकडे इतक्या पृथ्व्या आणि एकाच नायकाचे इतके अवतार जमले, की 1985-86 मध्ये 12 अंकांची 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही मालिका काढून सगळं विश्व मोडावं आणि नव्याने मांडावं लागलं. घरातल्या जुन्या ट्रंका उघडून पसारा आवरावा, तसं. पुढे पुन्हा पसारा झाला आणि 2011 मध्ये पुन्हा आवराआवर. नायक अमर असले तरी वाचक दर काही वर्षांनी नवा येतो, आणि त्या नव्यासाठी दार उघडावंच लागतं.

सिनेमात मार्व्हलने सुरुवात फार हुशारीने केली. 2008 चा 'आयर्न मॅन' स्वतःच्या पायावर उभा आहे. एक गर्विष्ठ शस्त्रविक्या स्वतःच्याच शस्त्राने जखमी होतो आणि बदलतो. पुढच्या विश्वाचा धागा होता तो नावं संपल्यावरच्या छोट्या प्रसंगात. तोवर जो उठून गेला, त्याचं काहीही बुडालं नाही. असे एकेक सुटे सिनेमे उभे राहिले, मग 2012 मध्ये 'द अ‍ॅव्हेंजर्स' आला आणि 2019 मध्ये 22वा सिनेमा 'एंडगेम'. त्यात शेवटी सगळे नायक एकामागून एक परत येतात, तेव्हा थिएटरात रडणारी पोरं मी बघितली आहेत. ते रडणं खोटं नव्हतं. अकरा वर्षांची ओळख होती ती. आधीच्या भागांशी धागा जुळवायची खरी ताकद हीच, आणि कुठल्याही एकट्या सिनेमाला ती मिळणं अवघड.

गडबड त्यानंतर सुरू झाली. 2022 च्या 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' मध्ये वांडा आपल्या मुलांसाठी वेडीपिशी होते. पण ती मुलं आली कुठून आणि गेली कुठे, हे आहे 'वांडाव्हिजन' या 2021 च्या मालिकेच्या नऊ भागांत. ज्याने मालिका बघितली, त्याला समोर आई दिसते. ज्याने नाही बघितली, त्याला नुसतीच चेटकीण. 2023 च्या 'द मार्व्हल्स' मध्ये नायिका तीन. एक सिनेमातून आलेली, बाकी दोघी वेगवेगळ्या मालिकांमधून. मार्व्हलच्या या सिनेमाविश्वात जगभरातली सगळ्यात कमी कमाई याच सिनेमाची झाली. कारणं आणखीही असतील, पण सिनेमाला जाण्याआधी अभ्यास करावा लागणार, अशी धास्ती लोकांनी घेतली होती हे नक्की.

आता कुणी म्हणेल, मग 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' चं काय? तो तर जुन्या संदर्भांनी खच्चून भरलेला. तरी 2024 मध्ये त्याने 130 कोटी डॉलरच्या वर धंदा केला. मुद्दा बरोबर आहे. पण त्याचा कणा तपासून बघा. दोन माणसं, एकमेकांचं तोंड बघवत नाही, आणि काम मात्र सोबतच करायचंय. हे कळायला कुठलाही मागचा भाग लागत नाही. पाहुणे ओळखू आले तर हसू जास्त, नाही आले तरी ही दोघं भांडतच आहेत. म्हणजे संदर्भ किती आहेत, यावर काही ठरत नाही. गोष्टीचा भार त्यांच्यावर टाकलाय का, यावर ठरतं.

औंढ्याचा नंदी

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. हिंगोली तालुक्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. जन्म 1270 चा. आणि याच जिल्ह्यात औंढा नागनाथ. इथे नामदेवांना विसोबा खेचर भेटले, अशी कथा आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते.

औंढ्याची गोष्ट थोडक्यात अशी. गुरूच्या शोधात नामदेव देवळात येतात. बघतात तर एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय टाकून झोपलेला! नामदेव चिडतात. म्हातारा म्हणतो, बाबा, मला काही पाय हलवता येत नाहीत, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात, बाजूला ठेवतात, तर तिथेही पिंड! जिकडे पाय न्यावेत तिकडे पिंड. शेवटी देव फक्त मूर्तीत नाही हे नामदेवांना उमगतं आणि ते त्याच पायांवर डोकं ठेवतात.

गोष्ट पूर्ण झाली. मागचं-पुढचं काहीही लागलं नाही. माझ्या मावसभावाला ती अर्ध्या कीर्तनात बसून कळली, कारण कीर्तनकारांनी एका वाक्यात सांगितलं होतं की नामदेवांना 'तू अजून कच्चा आहेस' असा शेरा मिळाला होता आणि तो त्यांना झोंबला होता.

पण याला मागचा भाग आहेच. संतांचा मेळा जमलेला. मुक्ताबाई गोरोबाकाकांना म्हणतात, तुम्ही कुंभार, मडकी ओळखता, तर यातलं कोणतं कच्चं ते सांगा. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत निघतात. सगळे गप्प बसतात, नामदेव मात्र रागावतात. निकाल लागतो: हे मडकं कच्चं! सुपरहिरोंच्या भाषेत बोलायचं तर हा क्रॉसओव्हर. तेरचे गोरोबा, आळंदीची भावंडं आणि पंढरीचे नामदेव एका जागी. नुसती गर्दी करून फोटो काढायला आलेले नाहीत हे. या भेटीत नामदेवांना काहीतरी लागतं आणि तिथून ते उठून स्वतःच्या गोष्टीत जातात.

आणि याच्याही मागे एक भाग आहे, तो तर कमालच आहे. हेच विसोबा आधी ज्ञानदेवांच्या भावंडांचा छळ करणारे. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून कुंभारांना अडवणारे. मग ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. ते बघून विसोबा वरमले, शरण आले. म्हणजे एका गोष्टीतला खलनायक दुसऱ्या गोष्टीत गुरू! मार्व्हलचा लोकी तरी याहून वेगळं काय करतो?

आता औंढ्याची गोष्ट परत डोळ्यांसमोर आणा. 'देव कुठे नाही ते दाखव' असं सांगणारा हा म्हातारा एकेकाळी स्वतःच दार अडवून उभा होता. ही मांड्यांची गोष्ट माहीत असली की त्याच प्रसंगाला वेगळीच खोली येते. माहीत नसली तरी प्रसंग अर्धवट वाटत नाही. मला तर वाटतं, तोल साधणं म्हणतात ते हेच. मागचा भाग माहीत असणं हे बक्षीस असावं, प्रवेशाचं तिकीट नसावं.

औंढ्याला गेलात तर याचं दगडातलं उदाहरणही बघता येतं. शंकराच्या देवळात नंदी समोर असतो, इथे तो देवळाच्या मागच्या बाजूला आहे. भाविक सांगतात, नामदेवांना देवळासमोर भजन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. हे ज्याला ठाऊक आहे तो नंदी बघून गालात हसतो. ज्याला ठाऊक नाही त्याचंही दर्शन होतंच. कुणी त्याला दारात अडवून 'नामदेवांचा भाग पाहिलाय का?' असं विचारत नाही.

सात दिवस, सात दारं

सप्ताहाची मांडणी जरा लेखकाच्या नजरेने बघा. सकाळी काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. पारायण हा सलग चालणारा धागा. आज जिथे थांबलं तिथून उद्या पुढे. ज्याला सगळं हवंय त्याने रोज बसावं. कीर्तन मात्र रोज नवं. बहुतेक ठिकाणी कीर्तनकारही रोज वेगळे. एक अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं, दृष्टांत द्यायचे आणि त्याच रात्री तो विषय संपवायचा. शेतातून उशिरा आलेला माणूस मागे येऊन टेकतो आणि दहा मिनिटांत लयीत येतो.

त्यासाठी कीर्तनकारांकडे एक साधी युक्ती आहे. पात्राचं नाव घेताना ओळख नावालाच चिकटवायची. नरसीचे नामदेवराय. गंगाखेडची जनाबाई. गोरोबाकाका म्हटलं की लगेच मडकी आलीच. दोन शब्दांत गाव आणि धंदा कळतो, गोष्ट कुठेही थांबत नाही. वर्षानुवर्षे येणाऱ्या आजीला ते पुन्हा ऐकायचा कंटाळा येत नाही, आणि पहिल्यांदा आलेला नातू अडत नाही.

शेवटचा दिवस काल्याचा. सप्ताहाचं एंडगेमच म्हणा. सगळ्यात जास्त गर्दी त्याच दिवशी, मुंबई-पुण्याला गेलेली पोरंही त्या दिवसासाठी गावी येतात. पण काल्याच्या कीर्तनाला आधीच्या सहा दिवसांची हजेरी लागत नाही. ते कृष्णाच्या बाललीलांवर असतं. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र कालवल्या आणि सगळ्यांनी मिळून खाल्ल्या, तो काला. मला हा क्रॉसओव्हरचा सगळ्यात नेमका अर्थ वाटतो. प्रत्येकाने शिदोरी आपल्या घरून आणलेली असली पाहिजे, म्हणजे प्रत्येक नायकाची स्वतःची गोष्ट आधी शिजलेली हवी. रिकामे डबे एकत्र केले तर काय कालवणार?

आणि हिशेब न जुळण्याचं काय? संतकथांतही तो जुळत नाहीच. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर मतं वेगळी आहेत. एकच प्रसंग वेगवेगळ्या गावांत थोडा वेगळा ऐकायला मिळतो. 1762 मध्ये महिपतीबुवांनी 'भक्तविजय' चे 57 अध्याय लिहून विखुरलेल्या कथा एका जागी आणल्या, तरी बाकीच्या वाटा बंद झाल्या नाहीत. नामदेवांची 61 पदं तर शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि पंजाबातल्या घुमानमध्ये ते तिथले बाबा नामदेव आहेत. 2015 चं मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला झालं. एक माणूस दोन विश्वांत पुरून उरला. त्याची ओळख पक्की होती, म्हणून तपशील इकडेतिकडे झाले तरी चाललं.

'मुंज्या' ला जमलं ते

हे फक्त जुन्या काळात जमायचं, असंही नाही. 2024 चा 'मुंज्या' आठवा. 'स्त्री' आणि 'भेडिया' च्या विश्वातला सिनेमा, दिग्दर्शक आपले आदित्य सरपोतदार. त्यांनीच 2017 मध्ये भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' पडद्यावर आणला होता. 'मुंज्या' बघताना 'स्त्री' पाहिलेला नसला तरी काही अडत नाही. पिंपळावरचा मुंजा काय चीज असते, हे आपल्याला आजीने आधीच सांगून ठेवलेलं आहे. बाकीच्या विश्वाशी नातं जोडलंय ते शेवटी, मुख्य गोष्ट संपल्यावर. मोठे तारे नसताना सिनेमा 100 कोटींच्या पुढे गेला.

भागवतांचा फेणे तर त्याआधीच शिकवून गेला होता. फुरसुंगीच्या बनेश फेणेची वीस पुस्तकं, कुठलंही आधी उचला. पोरगं सडपातळ, सायकल जोरात आणि तोंडात 'ट्टॉक'. एवढ्या भांडवलावर पिढ्यान् पिढ्या वाचत आल्या.

वहीतलं विश्व

हे सगळं मी मावसभावाला सांगितलं, त्याला कारण होतं. तो स्वतः कॉमिक काढतो. दोनशे पानी वही, निळा पेन, अन् हिंगोली जिल्ह्यातलेच सहा सुपरहिरो. एक कयाधूच्या काठावरचा, एक औंढ्याच्या डोंगरातला, एक वसमतच्या हळदीच्या शेतातला. सिनेमा बघून आल्यावर त्याने सहाही जणांचा पंचवीस भागांचा तक्ता करून ठेवला होता. कोण कधी मरणार, कोण कधी परत येणार, सगळं ठरलेलं. गोष्ट मात्र एकही पूर्ण झालेली नव्हती.

तुमच्यापैकीही कुणी अशी वही ठेवत असेल, म्हणून आमचं दोघांचं जे ठरलं ते इथे सांगतो.

आधी एक गोष्ट संपवायची. तक्ता नंतर.

नवं पात्र आलं की दोन शब्दांत ओळख. 'हळदीवाला पोरगा' म्हटलं तरी चालेल.

दोन नायक भेटले, तर निघताना निदान एक जण बदललेला हवा. नुसतं हात मिळवायला भेटवायचं नाही.

मागच्या भागातलं काही वापरायचं असेल, तर स्वतःला विचारायचं: हे ज्याला माहीत नाही, त्याला हा प्रसंग तरीही कळेल का? नाही कळला, तर प्रसंग पुन्हा लिहायचा.

पण मागचं सगळं पुसायचंही नाही. नायकाला एका भागात जखम झाली, तर पुढच्या भागात तो थोडा लंगडला पाहिजे. काहीच मागे उरत नसेल, तर वाचक जीव कशासाठी लावेल?

परवा त्याने वही पाठवली. तिसरा भाग. पहिला भाग वर्गातल्या कुणीतरी वाचायला नेला तो परत केलाच नाही, दुसऱ्यावर चहा सांडला. मी थेट तिसऱ्यापासून सुरू केलं. वसमतचा पोरगा एका डोळ्यावर पट्टी बांधून हळदीच्या कढईपाशी उभा आहे आणि त्याची बहीण त्याच्याशी बोलत नाही. का, ते मला माहीत नव्हतं. पण ती बोलत नाही याचं त्याला वाईट वाटतंय, हे पहिल्याच चौकटीत कळलं. पुढची बारा पानं मी एका दमात वाचली.

मग त्याला फोन लावला. "अरे, ह्याच्या डोळ्याला काय झालं? पहिला भाग कोणाकडे आहे, आण बरं मागून."

पलीकडून तो हसला. "कळलं का पण सगळं?"

"कळलं की. म्हणून तर मागायलो."